नरसम्माअक्कांची अंगठ्याएवढी पोरं

सोलापुरात तुझं कोण आहे असं कुणी विचारलं, की मी नरसम्माअक्का एवढंच सांगते. नातं काय म्हणून विचारलं तर अडखळते. मी गोंदियाकडची, त्या इथल्या पूर्व भागातल्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या. माझ्या हाताला काम त्यांनी दिलं, डोक्यावरचा पत्राही त्यांचाच. हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं लिहिताना मन थाऱ्यावर राहील की नाही, माहीत नाही.

नवरा टॉवेलच्या कारखान्यात लागला म्हणून आम्ही एवढ्या लांब आलो. थोड्याच महिन्यांत तो जास्त मजुरी मिळते म्हणून दुसऱ्या गावी गेला आणि त्याचा फोन लागायचा बंद झाला. घरमालकानं खोली रिकामी करायला सांगितलं. माहेरी भावजयीनं आधीच कळवून ठेवलं होतं की जागा नाही. मी सातवीतून शाळा सोडलेली. कुठं जाऊन काय विचारायचं, तेही सुचत नव्हतं. नळावर बसून एकच पातेलं पुन्हा पुन्हा घासत होते. समोरच्या दारातून आवाज आला, "अगं, बूड निघंल की त्याचं!"

पांढरे केस, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या, कपाळावर मोठं कुंकू, हातात अर्धी कडक भाकरी. त्या नरसम्माअक्का.

"कुटली तू?"

"गोंदियाची."

"ते कुटं आलं?"

"लांब आहे."

"मग भांडं ठेव आनि आदी खा. उपाशीपोटी रडलं की चक्कर येती."

मी "मले नको" म्हणाले, तर हसून त्यांना ठसका लागला. "मले! अय्यो, काय गोड बोलती बग." त्या दिवसापासून त्यांच्या पुढच्या खोलीत माझं अंथरूण पडलं. भाडं किती, असं विचारलं की म्हणायच्या, "तू घोरत न्हाईस, तेवडं पुरं."

कामावरही त्यांनीच नेलं. अक्कलकोट रोडला बसवराज मालकांचं एक सुताचं गोदाम होतं. वडिलांचा धंदा बसल्यावर मालकांनी तिथं वेगळंच काम काढलं. परदेशातून छोटे छोटे धातूचे शिपाई यायचे, अंगठ्याच्या वरच्या पेराएवढे. बंदूक, पाठीवरची पिशवी, कोटाची बटणं, सगळं त्यात घडवलेलं असायचं. आम्ही बायकांनी ते रंगवायचे आणि मालकांनी परत पाठवायचे. तिकडे मोठाली माणसं टेबलावर डोंगर-नदी मांडून, हे शिपाई उभे करून, जुन्या लढाया खेळतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा विश्वास बसेना.

"लहान पोरं खेळतात का?" मी विचारलं.

"न्हाय, बाप्ये," अक्का म्हणाल्या. "टकलं पडलेले. बायका घरात बसू देत नसतील, दुसरं काय."

गोदामात जुन्या रिकाम्या कांड्यांची पोती पडली होती, मागावर आडवं सूत गुंडाळतात त्या लाकडी कांड्या. शिपायाला हात लागू नये म्हणून आम्ही त्याला डिंकानं कांडीच्या टोकावर चिकटवायचो आणि कांडी हातात धरून रंगवायचो. कुणी फक्त बूट करी, कुणी पट्टे, कुणी कोट. चेहरे अक्कांचे. त्या आधी गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायच्या, आणि इतर दिवसांत बिड्या वळायच्या. बिडीचं तोंड मिटून मिटून त्यांच्या बोटांना एक सवय लागली होती; ब्रशचं टोक ओठांना लावून त्या असं गिरकी देऊन वळवत, की चार केसांचा एक केस व्हायचा. तंबाखू सुटून वर्षं झाली तरी हातांना वास होता.

मला सगळ्याची भीती. पट्ट्याला पांढरा लावू का? एवढा लावू का? बाहेर गेला तर? मी प्रत्येक शिपायाला विचारायची. एकदा अक्का वैतागल्या. "वनिता, त्यो गडी लढाईला निघालाय, त्याला भ्या वाटंना झालंय, आनि तू पट्ट्याला भितीस?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "चुकलं तर पुसायचं. ओलं हाय तवर सगळं पुसता येतं. मालक काय खात न्हाय तुला."

त्यांचा एक नियम होता. बूट आधी, डोळे शेवटी, आणि डोळे उघडले की त्या शिपायाला पालथं घालायचं नाही. गणपतीच्या कारखान्यातली सवय. मूर्तीचे डोळे उघडले की तिच्याशी वागणं बदलतं, तसंच यांच्याशी. खोक्यात भरतानाही तोंड वर पाहिजे. मालक सांगून थकले, की अक्का, पालथे ठेवले तर जास्त मावतात आणि बंदुका मोडत नाहीत. अक्का म्हणायच्या, "तुमी गाडीत पालथं झोपून जाता काय पुण्याला?" शेवटी मालकांनी स्पंजाला नव्या खाचा पाडून घेतल्या.

एकदा मावळ्यांची ऑर्डर आली. आम्ही सगळ्या खूश, आता अक्कांना आपल्या माणसांचे चेहरे करायला मिळणार. अक्कांनी एक हातात घेतला, फिरवून बघितला. "पागोट्याला लई वेळ जातो. टोपीवाले बरे."

अशा त्या. आणि त्या अशा असताना त्यांच्या आत काय होतं, ते गोदामात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचा मुलगा वेणू. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. यंत्रमागावर कामाला होता, लग्न ठरत आलं होतं. दवाखान्याची गाडी दारात आली तेव्हा स्वतः चालत गेला. जाताना जुन्या चपला काढून चांगल्या घातल्या, "येतो" म्हणाला. त्यानंतर अक्कांना दिसलं ते स्मशानात, दोरीच्या पलीकडे, लांबून, गुंडाळून बांधलेलं. चेहरा कुणी दाखवला नाही, दाखवायची तेव्हा सोयच नव्हती. त्यात त्यांचा कुणावर राग नव्हता. त्यांना एकच गोष्ट हवी होती. शेवटी वेणूचं तोंड पाहिलेला एक माणूस. त्याला एकच विचारायचं होतं, की डोळे मिटले होते का, कुणी मिटले का.

मला हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, भाकरी थापता थापता. "उगडेच ऱ्हायले असतील तर त्याला झोप कशी लागंल गं?" आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली.

एका दुपारी मालकांनी आम्हाला खेळ कसा असतो ते दाखवायचं ठरवलं. मोठ्या टेबलावर हिरवं कापड घातलं, खाली पुस्तकं सारून टेकड्या केल्या, निळ्या पट्टीची नदी. एका बाजूला निळे कोट, दुसऱ्या बाजूला लाल. मालक स्वतःच दोन्हीकडून खेळत होते. फासा टाकायचा, पट्टीनं अंतर मोजायचं, आणि आकडा आला की समोरचे शिपाई उचलून बाजूला ठेवायचे. आम्हाला गंमत वाटत होती. "मालक, तुमी तुमच्याशीच हरायला लागलात की!" कुणीतरी म्हणालं.

अक्का टेबलाच्या कडेला हात टेकून उभ्या होत्या. मालकांनी एक पूर्ण रांग उचलली, तेव्हा त्या म्हणाल्या, "ही कुटं चालली?"

"मेली अक्का, ही रांग."

"मेली म्हंजे? कुटं ठिवता?"

"डब्यात."

"आनि मग?"

"मग काय, पुढच्या डावाला परत मांडायची."

"हीच?"

"हीच की."

अक्का हसल्या. "लई बरं हाय," म्हणाल्या, आणि वळून आपल्या जागेवर जाऊन बसल्या. डाव पुढे चालू राहिला, पण मालकांचं लक्ष उडालं. थोड्या वेळानं त्यांनी कापड गुंडाळलं. पुन्हा कधी त्यांनी गोदामात टेबल मांडलं नाही.

मग ती पडलेल्यांची ऑर्डर आली. खेळात सैन्य किती थकलं ते दाखवायला मेलेले शिपाईही लागतात म्हणे, जमिनीवर पडलेले, हात पसरलेले, टोपी घरंगळलेली. नमुन्याचा फोटो सोबत होता. त्यात सगळ्यांचे डोळे उघडे, आभाळाकडे. बूट, पट्टे, कोट नेहमीसारखे झाले आणि कांड्या अक्कांच्या पुढ्यात आल्या. संध्याकाळी मालक बघायला आले, एक कांडी उचलली, दुसरी उचलली, भिंग लावलं.

"अक्का, यांचे डोळे?"

"मिटले."

"पण नमुन्यात उघडे आहेत."

"मग नमुना करणाऱ्याच्या घरात कोन गेलं न्हाय."

मालकांनी कांडी परत रांगेत ठेवली. वयानं ते वेणूएवढेच. घरात कन्नड बोलणारा साधा माणूस, कधी कुणाला टाकून बोलला नाही. "गिऱ्हाईक परत पाठवेल हो," एवढंच म्हणाले.

"पाठवू दे. पुन्यांदा रंगवते. पर उगडे न्हाय करनार. दुसरीला द्या."

त्यांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही सगळ्या आपापल्या वाट्यांतलं पाणी बदलायला उठलो. मालकांनी ते तसेच भरले, तोंडं वर करून. गिऱ्हाइकाला काय लिहिलं, ते माहीत नाही. मला मात्र वाटलं, आता अक्कांचं काम जाणार आणि मागोमाग माझंही. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं ते मालकांनी हसत हसत वाचून दाखवलं. त्यांना वाटलं, अक्कांना बरं वाटेल. गिऱ्हाइकानं लिहिलं होतं, काम छान आहे, डोळ्यांची काळजी करू नका, टेबलाशी उभं राहिलं की एवढ्या लहान बाहुलीचे डोळे कुणाला दिसत नाहीत.

"दिसत न्हाईत व्हय," अक्का म्हणाल्या. "बरं."

त्या दिवशी जेवणाचा डबा त्यांनी उघडला नाही. पण चेहरे करायचं थांबवलं नाही, आणि पुढेही पडलेले आले की मिटतच राहिल्या.

शोध त्यांनी सोडला नव्हता. सुट्टीच्या दिवशी त्या दवाखान्यासमोरच्या चहाच्या टपरीवर जात, जिथं ॲम्ब्युलन्सवाले बसतात. मीही एकदा गेले. फोटो नव्हता असं नाही, पण आधार कार्डावरचा. "त्यातला वेणू वेणूसारका दिसत न्हाय, चोरासारका दिसतो," त्या म्हणायच्या. वेणूच्या फोनमध्ये जे फोटो होते, ते त्या फोनबरोबर गेले. म्हणून त्यांनी काय केलं होतं, तर जादा आलेल्या एका शिपायाला वेणूचा चेहरा केला होता. हनुवटीवरची खळी, डाव्या भुवईतला कापल्याचा व्रण, सगळं. तंबाखूच्या जुन्या पत्र्याच्या डबीत कापूस घालून त्यावर त्याला ठेवलं होतं. ती डबी त्यांनी एका वयस्कर चालकापुढे उघडली. पांढरी दाढी, खांद्यावर रुमाल, बशीत चहा.

त्यानं वाकून पाहिलं. "अम्मा, ये तो गोरा सिपाई हय."

"कोट बगू नका. तोंड बगा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टपरीवर दोघं तोंड फिरवून हसत होते. पण तो माणूस हसला नाही. त्यानं बशी खाली ठेवली, रुमालानं हात पुसले, डबी उजेडाकडे नेऊन बराच वेळ बघत राहिला. जणू खरंच आठवत होता.

"क्या बोलूं अम्मा," तो म्हणाला. "उस टैम पे तो हमारे मुंह बी बंधे वे थे. कौन किसका चेहरा देखा?" डबी त्यानं स्वतः बंद करून परत दिली. मग आपणच म्हणाला, "एक छोकरा था, मिलिंद. मोहोळ तरफ का. अंदर वोइच बांधता था सबको. उसने देखा होएगा. अब इधर नइ हय वो."

पुढच्या सुट्टीला आम्ही मोहोळच्या एस.टी.त होतो. अक्कांनी नवं पातळ नेसलं होतं, पिशवीत सफरचंदं घेतली होती. विचारत विचारत घर सापडलं. दारात निळा झेंडा, आत भिंतीवर बुद्धाची तसबीर. मिलिंदची आई एकटीच होती. आम्ही का आलो ते कळल्यावर तिनं आधी पाणी दिलं, मग चहा टाकला.

"त्यो हितं न्हाय वो ताई," ती म्हणाली. "गुजरातेत कुटंतरी कंपनीत हाय. त्या कामानंतर त्याला घरात झोपच येईना. त्यातलं काय बोलत न्हाय, आन् आमी बी इचारत न्हाय."

"कदीच न्हाय?" अक्कांनी विचारलं.

तिनं चहा गाळून अक्कांपुढे ठेवला. "एकदा जेवताना म्हनला हुता. म्हनला, आई, मी घाई न्हाय केली कुनाची."

अक्कांनी सफरचंदं तिच्या हातात दिली. दोघी एकमेकींचे हात धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या. दोघींचीही पोरं घरी नव्हती. निघताना तिनं आपला आणि मिलिंदचा नंबर सांगितला. मिलिंदचा लागत नाही. न लागणारे नंबर मला नवे नाहीत.

येताना एस.टी.त अक्का खिडकीशी बसल्या होत्या. बाहेर ज्वारी उभी होती. "घाई न्हाय केली म्हनं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं परत, "घाई न्हाय केली." मग माझा हात धरून म्हणाल्या, "म्हंजे मिटले असतील, न्हाय का गं?"

मी लगेच "असतील अक्का," म्हणाले. त्यांनी हात सोडला नाही, पण माझ्या बोलण्यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता, ते त्या हातालाच कळत होतं.

त्याच वर्षी त्यांची नजर जायला लागली. साखर होतीच, डॉक्टर म्हणाले डोळ्याच्या मागच्या पडद्यावर परिणाम झालाय, आता आहे तेवढं राखायचं. अक्कांनी गोदामात कुणाला सांगितलं नाही. पण शिपाई सांगायला लागले. बुबुळं पापणीबाहेर जाऊ लागली, एक डोळा पुढे आणि एक बाजूच्याकडे. जेवायच्या सुट्टीत त्या हात धुवायला गेल्या, की मी पटकन दोन-चार नीट करायची. एक दिवस मागून आवाज आला, "तिरकी बगायला लागलीत व्हय माजी पोरं?"

माझ्या हातातली कांडी पडली.

"पडू दे. उचल. तोंड वर कर त्याचं." त्या शेजारी बसल्या. ब्रश माझ्या बोटांत नीट बसवला आणि आपल्या बोटांनी माझं मनगट धरलं. "श्वास सोडताना टेकव, घेताना न्हाय. आता चेहरे तू करायचे."

"मले नाही जमायचं, अक्का."

"मले बी जमत नव्हतं," त्या माझी नक्कल करत म्हणाल्या, आणि दोघी हसलो. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि त्यांना वाटलं मला दिसत नाहीये.

अक्कांची मुलगी तिकडे तेलंगणात, कामारेड्डीला दिलेली आहे. ती न्यायला आली. अक्का आधी नको म्हणाल्या. इथून गेले आणि मिलिंद आला तर? मी म्हणाले, मी आहे ना इथं. तेव्हा कुठं त्या तयार झाल्या. घराची किल्ली माझ्याकडे दिली. गल्लीतल्या बायका रडत होत्या, आणि त्या प्रत्येकीला चेष्टेनं काहीतरी बोलून गप्प करत होत्या.

हैदराबादच्या गाडीत मुलीनं त्यांना खिडकीशी बसवलं. फलाटावर गर्दी होती. माझ्या पुढ्यात कुणाचं तरी गाठोडं आलं म्हणून मी खिडकीपासून थोडी मागे सरकले. माझ्या जागी एक बाई येऊन उभी राहिली, माझ्यासारखंच हिरवं पातळ नेसलेली, कुणाला तरी पोचवायला आलेली. अक्कांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि तिच्या खांद्यावर ठेवला.

"वनिता, येळंवर जेव गं. भिऊ नकोस. मोहोळला फोन करत ऱ्हा, बिड्डा, माज्या लेकी."

त्या बाईनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी रडत होते, ते तिला दिसलं असणार. तिनं अक्कांच्या हातावर आपला हात ठेवला आणि म्हणाली, "व्हय अक्का, जेवते. करते फोन."

गाडी सुटली. अक्का त्या बाईकडेच बघत होत्या, फलाट संपेपर्यंत. मी ओरडले नाही. ओरडले असते तर त्यांना कळलं असतं, की आता समोरचा चेहराही त्यांना दिसत नाही.

मी अजून त्यांच्याच घरात राहते आणि चेहरे करते. महिन्यातून एकदा मोहोळला जाते. मिलिंदची आई आता मला जेवल्याशिवाय सोडत नाही. तो दिवाळीला येईल म्हणते. गेल्या दिवाळीलाही म्हणाली होती.

अक्का, हे तुम्हाला कुणी वाचून दाखवलं तर ऐका. तुमचं मी काहीच फेडलेलं नाही. पण तो माणूस ज्या दिवशी गावात पाय ठेवेल, त्या दिवशी मी त्याच्या दारात असेन. त्याच्यावर जोर करणार नाही, त्यालाही झोप लागत नाही हे मला माहीत आहे. फक्त विचारीन, माझ्याबरोबर कामारेड्डीपर्यंत येशील का, एका बाईला तुला काही विचारायचं आहे. आणि तो आला, तर त्याला तुमच्या समोर बसवून मी बाहेर ओट्यावर थांबेन.

तोवर तुम्ही राहा.